कोठी बंद होईना

आमच्या घशाच्या इस्पितळात तळघरात बसून यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला सगळे नियमराव म्हणत. पाठीमागे म्हणत, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज असा की मनातून आवडतही होतं. नाकासमोर चालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण हा गृहस्थ नाकाचासुद्धा नियम तपासून मग पाऊल टाकायचा. यंत्रांच्या खोलीत यायचं तर बूट बाहेर. एकदा इस्पितळाचे मुख्य डॉक्टर भोक पडलेल्या मोज्यांनी तिथे उभे होते आणि नियमराव त्यांना शांतपणे समजावत होते की धुळीला हुद्दा कळत नाही.

मी तिथे आवाजाची बाई. ज्यांच्या घशातली स्वरपेटी काढायची असते, त्यांचा आवाज ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करून ठेवणं हे माझं काम. ऑपरेशनं सोमवारी, म्हणून रेकॉर्डिंग रविवारी सकाळी. पेशंट माझ्यासमोर बसून ठरावीक वाक्यं वाचतो: पाणी द्या, दुखतंय, दिवा बंद करा. बरा झाला की त्याला एक टॅब्लेट मिळतो. त्यावरचं बटण दाबलं की त्याचाच आवाज बोलतो.

शेवटचा भाग मात्र मी ऐकत नाही. माईक नीट करते, दार लावून घेते आणि बाहेर बाकावर जाऊन बसते. आत पेशंट एकटाच आपल्या माणसांसाठी काय बोलायचं ते बोलतो. त्यांना आम्ही खासगी वाक्यं म्हणतो. पेशंटनं स्वतः बटण दाबेपर्यंत ती कोणीही ऐकायची नाहीत, आणि पेशंट वारला तर महिन्याभरानं सगळं न ऐकता पुसून टाकायचं. हा नियम कोणी केला देव जाणे, पण पाळला तो नियमरावांनी. बायका रडत यायच्या, मुलगे हातापाया पडायचे, एकदाच ऐकू द्या म्हणायचे. नियमराव मान हलवायचे. माणूस बंद दाराआड बोललाय, ते त्याचंच, असं म्हणायचे आणि त्याच दिवशी पुसून टाकायचे. काय दगड आहे हा, असं मला वाटायचं.

हे आवाज राहायचे कुठे, ते सांगायला हवं. तळघरात एक मोठा सर्व्हर होता. त्याच्या पोटात सात-आठ यंत्रं नांदायची. खरी नव्हेत, व्हर्च्युअल. एका घरात भाडेकरू असावेत तशी. एक औषधांचं बघायचं, एक एक्स-रे सांभाळायचं, आणि एकात आमचे आवाज. त्याला आम्ही कोठी म्हणायचो. सर्व्हर बंद करायची वेळ आली की तो आधी प्रत्येक भाडेकरूला सांगतो, आवरा. मग ज्यानं त्यानं हातातलं काम डिस्कवर लिहून ठेवायचं आणि निजायचं. त्याला पाच मिनिटांची मुदत. मुदत टळली की सर्व्हर कोणाची वाट बघत नाही. जो अजून जागा असेल त्याला तसाच मारून टाकतो.

त्या वर्षी इमारतीच्या जुन्या तारा बदलायचं काम निघालं. दर रविवारी दुपारी वायरमन यायचा, वीज तोडायचा, म्हणून दर रविवारी दुपारी सर्व्हर बंद करावा लागे. बाकीचे भाडेकरू बघता बघता निजत. कोठी निजत नसे. तिची डिस्क मंद झाली होती. सकाळी मी भरलेले आवाज तिला लिहून संपवता येत नसत, पाच मिनिटं सरत, आणि कोठी मारली जाई. संध्याकाळी वीज आली की ती अडखळत उठे, आणि एखादी फाईल मोडलेली निघे. मोडलेली फाईल ऑपरेटरनं ऐकून तपासायची, असाही एक नियम होता. नियमराव तपासत आणि वर येऊन मला सांगत, बाई, अमक्याचं परत घ्यावं लागेल. पेशंट कुरकुरत, मी त्यांना परत बसवी. डिस्क बदला की, असं मी दर वेळी सांगत होते. नवी मागवलीय, असं ते दर वेळी म्हणत होते.

मला पहिली शंका आली ती शर्टावरून. एरवी चुरगळलेल्या बाह्यांनी येणारा हा माणूस रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागला. दाढी गुळगुळीत, भांग सरळ. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्याच इस्पितळात गेली होती, मी इथे लागायच्या आधी. तिच्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. मला वाटलं, चला, दगडाला पालवी फुटली. जिन्यात गाठून मी विचारलंसुद्धा की रविवार दुपारची कोण आहे ती, आम्हालाही दाखवा. त्यांचे कान लाल झाले. चिडले नाहीत, हसलेही नाहीत. घाईघाईनं खाली निघून गेले, आणि मी उगीचच स्वतःवर खूश झाले.

मग आयाबाईंचं प्रकरण झालं. संध्याकाळी तळघराचा बोळ पुसताना त्यांनी बंद दाराआडून बाईचा आवाज ऐकला. चष्मा डोक्यावरच आहे तुमचा, असं ती बाई म्हणाली. पाठोपाठ नियमराव हसले. थोड्या वेळानं तीच बाई तेच वाक्य त्याच सुरात परत म्हणाली, आणि या वेळी आत कोणी हसलं नाही. आयाबाईंनी बादली तिथेच सोडली. आत कोणी बाई गेलेली नव्हती, दाराशी बूट फक्त नियमरावांचे होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या वॉर्डात झालं की कोठी झपाटलेली आहे. ज्यांना मरायच्या आधी बोलायचं राहून गेलं ते तिथे बोलतात, म्हणून ती मिटत नाही.

मी आयाबाईंना झापलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यापासून मी तळघरात उतरताना जिन्यातले सगळे दिवे लावायला लागले, आणि परत येताना ते विझवायला थांबत नव्हते.

तारांच्या कामाचा शेवटचा रविवार उजाडला. त्या दिवशी माझ्यासमोर एक न्हावी होता. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याची जीभ अशी सैल झालेली की पाणी द्या म्हणताना तो पाण्याची चव, नळाची वेळ आणि शेजाऱ्याची टाकी हेही सांगून टाकायचा. मी त्याला तीनदा आवरलं. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. तिला दिसत नव्हतं. पंधरा वर्षं झाली, असं तिनं मला सांगितलं, आणि पुढे म्हणाली की आता यांचं तोंड कसं दिसतं तेही मला नीट आठवत नाही, माझ्यासाठी हे म्हणजे यांचा आवाजच. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिलं ऑपरेशन न्हाव्याचंच होतं. खासगी वाक्यांसाठी मी दार लावलं आणि तिच्याशेजारी बसले. तो आत इतका वेळ बोलला की दुपार झाली.

तो बाहेर येतोय तोच वॉर्डातून बोलावणं आलं. मागच्या सोमवारी ऑपरेशन झालेल्या गवंड्याला त्या दिवशी टॅब्लेट दिला होता. त्याची सहा वर्षांची मुलगी पलंगाशी उभी होती. तो तिला घरात एका लाडक्या नावानं हाक मारायचा, ती हाक त्यानं खासगी वाक्यांत घातली होती. मुलीला जवळ बोलावून त्यानं बटण दाबलं आणि आतून एक परकी बाई बोलली. मुलगी किंचाळून आईच्या मागे लपली. मी पोचले तेव्हा गवंडी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत होता, पुन्हा पुन्हा तीच बाई बोलत होती, आणि त्याची बायको त्याचा हात धरून पुरे म्हणत होती. ती फाईल मोडलेली दिसतच नव्हती. लांबी बरोबर, नाव बरोबर. कोणाला कळावं कसं? त्याची स्वरपेटी कापून झाली होती. ती हाक आता जगात कुठेच नव्हती.

टॅब्लेट घेऊन मी तडक तळघरात गेले. रागाच्या भरात बूटही काढले नाहीत, आणि नियमरावांनी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. ते इस्त्रीच्या शर्टात पडद्यासमोर बसले होते. सर्व्हर बंद करायचा हुकूम नुकताच दिला होता. भाडेकरू एकेक करून निजत होते. बोळाच्या टोकाशी वायरमन बोर्डापाशी उभा होता.

मी काही बोलायच्या आधी माझी नजर टेबलावर गेली. तिथे नव्या डिस्कचं खोकं होतं. सील न फोडलेलं. वर धूळ बसली होती. त्या खोलीत धूळ मी प्रथमच पाहिली.

मी टॅब्लेट त्यांच्यापुढे ठेवला आणि गवंड्याचं बटण दाबलं.

"अहो, ऐकताय ना? हसू नका हं. तर ते असं आहे की..."

आणि मग गवंड्याचा श्वास, खुर्ची सरकल्याचा आवाज, बस. नियमरावांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. त्यांनी परत लावायला सांगितलं. मी लावलं नाही.

कोण आहे ही, असं मी विचारलं. मला ते कळून चुकलं होतं, तरी विचारलं.

मग ते बोलले, पडद्यावरची नजर न काढता. डिस्कवरचं पुसणं हे खरं पुसणं नसतं. जागा मोकळी झाली एवढीच खूण होते, आतलं तसंच पडून राहतं, वरून दुसरं लिहीपर्यंत. कोठी मधेच मारली की नव्या फाईलला जागा मिळालेली असते, पण नवा आवाज डिस्कपर्यंत पोचलेला नसतो. मग त्या जागेत आधीचं जे पडलं असेल तेच वाजतं. डिस्क मेली असती तर तेव्हाच कळलं असतं. ही आजारी आहे. लिहिते, चुकते, परत लिहिते. म्हणून कोठीला वेळ लागतो.

सगळं त्यांना पहिल्याच रविवारी समजलं होतं. कारण पहिल्याच रविवारी मोडक्या फाईलीतून त्यांची बायको म्हणाली होती, दार ओढून घ्या, वारा येतोय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तीही या इस्पितळात बंद दाराआड बसली होती. बाहेर आली ती हसत. तुमच्यासाठी एक ठेवलंय, म्हणाली, शुद्धीवर आले की पहिलं तेच बटण दाबीन. ती शुद्धीवर आलीच नाही. महिना झाला, आणि नियमरावांनी आपल्या हातानं तिचा आवाज पुसला. न ऐकता. लोकांच्या बायकामुलांना नाही म्हटलं होतं, मग स्वतःला हो कसं म्हणायचं? इतक्या दिवसांत मी ज्याला दगड म्हणत आले, त्यानं तो दगड आधी स्वतःच्या छातीवर ठेवला होता.

पण गवंड्याची मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि मी काही देवमाणूस नाही. मी म्हटलं, असं होतं तर डिस्क उघडून एका दिवसात सगळं शोधून काढायचं होतं. चोरी तर चोरी. एक घाव दोन तुकडे.

"पुसलेलं शोधायचं नाही, असा नियम आहे," ते म्हणाले. "मी शोधलं नाही बाई. माझं बोट लागलेलं नाही. तिची ती येते."

"ती येते आणि दुसऱ्याचं जातं. हे तुमच्या कुठल्या नियमात बसतं?"

पडद्यावर सगळे भाडेकरू निजले होते. फक्त कोठीच्या नावापुढे वाट पाहत आहे, असं लिहिलेलं होतं आणि मुदतीचे आकडे उतरत होते. तीन मिनिटांच्या आत आले होते.

आत न्हावी होता. सकाळभर बोललेला न्हावी, अजून डिस्कवर न उतरलेला. डिस्क आत्ता बदलता येईल का, असं मी विचारलं. नाही, आत्ता हात लावला तर न लिहिलेलं सगळं जाईल, असं ते म्हणाले. मग उपाय काय? उपाय एकच, मुदत वाढवायची आणि थांबायचं. ते मला येत नव्हतं. ते येणारा माणूस एकच होता आणि तो हात मांडीवर ठेवून बसला होता.

मला त्यांच्या मनातलं स्वच्छ दिसत होतं, कारण मीही तेच ऐकलं होतं. तर ते असं आहे की. पुढचं वाक्य त्या डिस्कवर कुठेतरी, बहुधा लगतच, पडलेलं होतं. हा शेवटचा रविवार. काही करायचं नव्हतं, कशाला हात लावायचा नव्हता, फक्त बसून राहायचं होतं. संध्याकाळी कोठी उठली असती आणि कदाचित ती बोलली असती. आणि शुक्रवारी न्हाव्याला टॅब्लेट मिळाला की बाकावरची ती बाई हात पुढे करून बसली असती आणि तिच्या नवऱ्याच्या टॅब्लेटमधून दुसऱ्याच कोणाची बायको बोलली असती.

हे मी त्यांना सांगितलं. न्हाव्याच्या बायकोचं सगळं सांगितलं. तिला तोंड आठवत नाही, तेही. ओरडले नाही. ओरडायचं त्राण उरलं नव्हतं.

बोळातून वायरमननं विचारलं, "साहेब, तोडू का?"

नियमराव पडद्याकडे बघत राहिले. आकडे मिनिटाच्या आत आले. मग त्यांनी हात उचलला, मुदतीच्या रकान्यातला पाचाचा आकडा खोडला आणि तिथे काहीच लिहिलं नाही. मुदत नाही. कोठीला लागेल तेवढा वेळ.

"थांब रे," ते बोळाकडे बघून म्हणाले. "आत माणूस आहे."

वायरमन थांबला. कंटाळून त्यानं मधे दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा नियमरावांनी तेच उत्तर दिलं. पाऊण तास आम्ही तिघे त्या गुणगुणत्या खोलीशी बसून होतो. डिस्क आतून कुरकुरायची, थांबायची, पुन्हा कुरकुरायची. दर वेळी ती थांबली की मला वाटे, आता बाई बोलणार. बोलली नाही. शेवटी कोठीच्या नावापुढची ओळ बदलली आणि तिथे बंद, एवढंच आलं. कोणी मारली नव्हती, आपणहून मिटली होती. संध्याकाळी वीज आल्यावर नियमरावांनी खोक्याचं सील फोडलं, नवी डिस्क बसवली, तिच्यावर जुनीतल्या फाईली तेवढ्या उतरवून घेतल्या, आणि जुनी काढून खणात ठेवून कुलूप लावलं. सगळं रीतसर.

दुसऱ्या दिवशी ते मुख्य डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगून आले. त्यांचं काय करायचं ते ठरेपर्यंत काम चालू ठेवा, असा हुकूम झाला. तिथून ते गवंड्याच्या पलंगाशी गेले. मला बरोबर येऊ दिलं नाही. परत आल्यावर मी विचारलं की गवंडी काय म्हणाला. त्यानं ठरावीक वाक्यांतलं एक बटण दाबलं, असं ते म्हणाले. जा आता. त्याच्याच आवाजात.

शुक्रवारी न्हाव्याला टॅब्लेट मिळाला. गवंड्याकडे गेले ते सोडलं तर बायको गेल्यापासून नियमराव कधी वॉर्डात चढले नव्हते; त्या दिवशी दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. न्हाव्यानं बायकोला शेजारी बसवलं आणि खासगीचं पहिलं बटण दाबलं. आम्ही बाहेर जायला निघालो तर त्यानं हातानंच थांबवलं, ऐका अशी खूण केली. मग तो बोलायला लागला. शेजाऱ्याच्या टाकीपासून सुरुवात. बायकोनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, मिटलेले ओठ चाचपले, आणि गप्प बसा हो, म्हणून हसत हसत रडायला लागली. न्हाव्यानं एकेक करून सगळी बटणं दाबली. एकही शब्द तुटला नाही. नियमराव शेवटच्या बटणापर्यंत मान खाली घालून ऐकत होते.

मी बाहेर आले. ते बोळातल्या खिडकीशी उभे होते.

"सगळं त्यांचंच होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मधे काही नाही?"

"काही नाही. शेवटपर्यंत त्यांचंच."

त्यांनी खिडकी ओढून घेतली.

"मग ती गेली," ते म्हणाले.

मग त्यांनी मला तळघरात याल का म्हणून विचारलं. जुनी डिस्क मोडायची होती, आणि डिस्क मोडताना नियमाप्रमाणे साक्षीदार लागतो.

मी गेले. बूट बाहेर काढले. त्यांनी डिस्क शिकंज्यात घट्ट धरली, ड्रिल लावलं आणि एकापाठोपाठ एक भोकं पाडली. धातूचा भुगा टेबलावर पडत होता आणि ते मोठ्यानं रडत होते, लहान मुलासारखे, ड्रिलच्या आवाजात ऐकू जाणार नाही अशा समजुतीनं. मला सगळं ऐकू येत होतं. ड्रिल थांबलं तरी त्यांचं रडणं थांबलं नाही, आणि मी साक्षीदार म्हणून शेवटपर्यंत तिथे उभी राहिले.